शिकवणारी पेटी : घरोघरी इलेक्ट्रॉनिकीचा छंद

आज मध्यम स्थितीतील कोणत्याही कुटुंबात इलेक्ट्रॉनिकीवर चालणाऱ्या दहा-वीस वस्तू सहज मोजता येतात. रेडिओ, दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनी, भिंतीवरचे घड्याळ, इतकेच नव्हे तर साधा दिवादेखील आता या विद्येच्या कक्षेत आला आहे. परंतु यांपैकी एखादी वस्तू बंद पडली म्हणजे तिच्या पोटात काय बिघडले असावे, याचा अंदाज बांधू शकणारे माणूस घरात क्वचितच आढळते. वस्तू वाढल्या, त्या मानाने त्यांची समज वाढली नाही, हे कबूल करावयास हवे.

ही उणीव भरून काढण्याचा एक अल्पखर्चाचा आणि आनंददायक मार्ग उपलब्ध आहे. इलेक्ट्रॉनिकीचे सुटे भाग व त्यांचे तयार संच आणून घरच्या टेबलावर लहान लहान उपकरणे जोडणे, हा तो मार्ग होय. या छंदाला शंभर वर्षांची परंपरा आहे. मात्र बाजारात मिळणारी प्रत्येक पेटी मुलाला शिकवतेच असे नाही. कोणती पेटी शिकवते आणि कोणती केवळ करमणूक करून कपाटात जाऊन बसते, याचा विचार पालकांनी खरेदीपूर्वी करावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

ब्राह्मणपाऱ्यातील एक घर

रायपूर शहराच्या जुन्या भागात ब्राह्मणपारा नावाचा मोहल्ला आहे. छत्तीसगढी बोलीतील ‘पारा’ म्हणजे आपली आळी. शेजारच्या तात्यापाऱ्याचे नावच सांगते की, या परिसराशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूर येथून छत्तीसगढचा कारभार पाहिला. भोसल्यांच्या अमदानीत आणि तिच्यानंतरही अनेक मराठी घराणी या प्रदेशात आली व येथलीच झाली. पुढे १९०० साली माधवराव सप्रे यांनी वामनराव लाखे व रामराव चिंचोलकर यांच्या साहाय्याने ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. मराठी घरात वाढावे, हिंदीत शिकावे आणि दोन्ही भाषांची सेवा करावी, हा या भागातील मराठी कुटुंबांचा जुना परिपाठच म्हणता येईल.

१९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपूर्वी रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते व नागपूर ही राजधानी होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले; २००० साली रायपूर छत्तीसगढची राजधानी झाले. राज्याच्या सीमा बदलल्या, पण नभोवाणीच्या लहरींना सीमा नव्हती. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ पासून आणि रायपूर केंद्र २ ऑक्टोबर १९६३ पासून सुरू आहे. मराठीभाषक प्रदेशाबाहेर राहणाऱ्या कुटुंबांना मराठी शब्द कानावर पडण्याचे एक साधन म्हणून रेडिओचे महत्त्व किती होते, हे त्या पिढीतील वाचकांना सांगावयास नको.

अशा एखाद्या घरातील बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींचा विचार करू. मुंबईचा लॅमिंग्टन रोड – आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग – इलेक्ट्रॉनिकीच्या सुट्या भागांची बाजारपेठ म्हणून देशभर ओळखला जातो. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीची तीच ख्याती आहे. परंतु मुंबई रायपूरपासून रेल्वेने अकराशे किलोमीटरांहून अधिक दूर. एक काळ असा होता की, एका ट्रान्झिस्टरसाठी मुंबईला जाणाऱ्या नातेवाइकाच्या हाती चिठ्ठी द्यावी लागे. आज तोच भाग टपालाने आठवड्याच्या आत घरपोच येतो. साहित्याचे अंतर मिटले. समजुतीचे अंतर मात्र प्रत्येकाने स्वतःच तोडावयाचे असते.

खड्यापासून चिपपर्यंत

या छंदाचा आरंभ एका खड्यापासून झाला. गॅलेना नावाच्या शिशाच्या खनिजाला बारीक तारेचे टोक टेकविले असता विद्युत्‌प्रवाह एका दिशेने सुलभतेने वाहतो व उलट दिशेने अडतो. या गुणाचा उपयोग विद्युत्‌लहरी ओळखण्यासाठी करणाऱ्यांत आपले जगदीशचंद्र बोस अग्रणी होते. त्यांच्या या शोधाला १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. पुढे नभोवाणी सुरू झाल्यावर हाच खडा, तारेची एक कॉइल, एक कंडेन्सर आणि कानाला लावावयाचा हेडफोन एवढ्या साहित्यात ‘क्रिस्टल सेट’ तयार होऊ लागला. त्याला ना बॅटरी लागे, ना घरची वीज. दूरवरच्या केंद्राने पाठविलेल्या लहरींतील अत्यल्प शक्तीवरच तो बोले.

यातील गणित शाळकरी मुलास कळण्याजोगे आहे. कॉइल आणि कंडेन्सर यांची जोडी एका ठराविक कंपनसंख्येलाच प्रतिसाद देते, जसा एखादा झोका आपल्या ठराविक लयीतच उंच जातो. रायपूर केंद्र मध्यम लहरींवर ९८१ किलोहर्ट्‌झ या कंपनसंख्येवर लावले जाई. कॉइल २०० मायक्रोहेन्‍रीची असेल, तर त्या केंद्रासाठी कंडेन्सर सुमारे १३० पिकोफॅरडवर आणावा लागतो. रेडिओची खुंटी फिरविणे म्हणजे हे मूल्य बदलणे होय. आता मध्यम लहरींवरील अनेक प्रक्षेपणे बंद होत आहेत, तेव्हा क्रिस्टल सेट हाती घेण्यापूर्वी आपल्या गावी असे प्रक्षेपण अद्याप ऐकू येते की नाही, हे साध्या रेडिओवर पाहून घ्यावे.

खड्यानंतर काचेच्या नळीतील व्हॉल्व्ह आले आणि १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेतील हीथ कंपनीने युद्धात उरलेले भाग वापरून ऑसिलोस्कोप या महागड्या उपकरणाचा संच सुमारे चाळीस डॉलरांत विक्रीस काढला. ग्राहकाने तो घरी स्वतः जोडावयाचा होता. ‘हीथकिट’ हे नाव पुढे जगभर झाले. त्या संचाची कीर्ती जितकी त्यातील भागांमुळे, तितकीच त्याच्या पुस्तिकेमुळे झाली. प्रत्येक पायरी स्वतंत्र लिहिलेली, ती पूर्ण झाली की खूण करावयास चौकोन, आणि शेवटी उपकरण न चालल्यास दोष कसा शोधावा याचे मार्गदर्शन, अशी तिची रचना असे. १९९२ साली त्या कंपनीने संच बनविणे थांबविले, पण चांगली पुस्तिका कशी असावी याचा तिने घालून दिलेला धडा आजही उपयोगी आहे.

आपल्या देशातही याच सुमारास पाया घातला जात होता. १९५४ साली बंगळूर येथे भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तेथे १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह आणि १९६२ साली जर्मेनियमचे अर्धसंवाहक भाग तयार होऊ लागले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच तरुण शास्त्रज्ञांनी व तंत्रज्ञांनी ‘टिफ्रॅक’ हा संगणक उभारला. १९६० साली त्याचे नामकरण झाले. त्या मंडळींपुढे तयार नमुना नव्हता. भाग जोडावा, तपासावा, चुकला तर पुन्हा जोडावा, याच मार्गाने ते गेले. घरच्या टेबलावरील छंद आणि राष्ट्रीय प्रयोगशाळा यांच्या कामात आकाराचा फरक असेल, रीत एकच आहे.

पेटीत काय असते?

संच उघडला म्हणजे नवख्या माणसास त्यातील रंगीबेरंगी बारीक भाग पाहून गोंधळल्यासारखे होते. परंतु मुख्य मंडळी मोजकीच आहेत.

रेझिस्टर हा प्रवाहाला विरोध करतो. पाटाच्या पाण्याला दगड लावून धार कमी करावी, तसे त्याचे काम. त्याच्या अंगावरील रंगीत पट्टे हीच त्याची किंमत होय. काळा म्हणजे ०, तपकिरी १, तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८ आणि पांढरा ९. पहिले दोन पट्टे अंक सांगतात, तिसरा पुढे किती शून्ये द्यावयाची ते सांगतो. पिवळा, जांभळा, तपकिरी म्हणजे ४७ पुढे एक शून्य, अर्थात् ४७० ओहम. चौथा पट्टा सोनेरी असेल, तर मूल्यात शेकडा ५ इतका कमीअधिकपणा संभवतो.

कंडेन्सर हा विद्युत्‌भार साठवितो व सोडतो. घरातील हंड्याप्रमाणे तो भरतो आणि रिता होतो. डायोड हा एकाच बाजूस उघडणारा दरवाजा होय. प्रकाश देणारा डायोड म्हणजे एल.ई.डी. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात. एका पायातून दिलेल्या अल्पशा प्रवाहाने उरलेल्या दोन पायांमधील शंभर-दोनशे पट प्रवाहाचे नियंत्रण तो करतो. असे अनेक ट्रान्झिस्टर एकाच चकतीवर बसविले म्हणजे चिप तयार होते.

हे भाग जोडण्यासाठी आरंभी डाख देण्याची आवश्यकता नाही. ब्रेडबोर्ड नावाच्या छिद्रांच्या पाटीवर भागांचे पाय नुसते खोचले तरी जोडणी होते. या पाटीच्या नावाची कथा मजेदार आहे. रेडिओच्या आरंभीच्या काळात परदेशातील हौशी मंडळी स्वयंपाकघरातील पाव कापण्याचा फळा आणून त्यावर खिळे ठोकीत आणि भाग जोडीत. तो फळा गेला, नाव मात्र टिकले.

पहिले दोन प्रयोग

पहिला प्रयोग दिव्याचा. नऊ व्होल्टची बॅटरी घ्यावी, तिला ४७० ओहमचा रेझिस्टर आणि तांबडी एल.ई.डी. एकापुढे एक जोडावी. तांबड्या एल.ई.डी.वर सुमारे २ व्होल्ट खर्च होतात. उरलेले ७ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. ७ ला ४७० ने भागले असता ०.०१५, म्हणजे सुमारे १५ मिलिअँपियर प्रवाह येतो. लहान एल.ई.डी.ला तो मानवतो. रेझिस्टर न घालता ती बॅटरीला जोडली, तर ती क्षणात जळते. मुलाने हा भागाकार आधी कागदावर करावा आणि मग दिवा लावावा. शाळेत पाठ केलेला ओहमचा नियम त्याला त्या क्षणी प्रथमच डोळ्यांनी दिसेल.

दुसरा प्रयोग ‘५५५’ नावाच्या चिपचा. हान्स कामेन्झिंड यांनी १९७१ साली आखलेली ही आठ पायांची चिप अर्धशतक उलटून गेले तरी हौशी मंडळींची आवडती आहे. तिला १० किलो-ओहम व ६८ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर पुस्तिकेप्रमाणे जोडला असता एल.ई.डी. सेकंदाला सुमारे एकदा लुकलुकते. आता १० मायक्रोफॅरडच्या जागी ०.०१ मायक्रोफॅरडचा, म्हणजे हजार पटीने लहान कंडेन्सर लावावा. हंडा लहान झाला, तो हजार पटीने लवकर भरू व रिता होऊ लागला. दिवा आता सेकंदाला हजार वेळा लुकलुकतो आणि डोळ्यांना तो अखंड तेवताना दिसतो. एल.ई.डी. व तिचा रेझिस्टर काढून त्या जागी लहानसा स्पीकर लावला – त्याच्याशी १०० ओहमचा एक रेझिस्टर एकापुढे एक जोडून – तर तेच हजार स्पंद कानाला शिटीसारखे ऐकू येतात. डोळ्याला दिसणारी लय आणि कानाला ऐकू येणारा स्वर ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, हा भौतिकशास्त्रातील मोठा विचार एवढ्याशा बदलाने मुलाच्या हाती लागतो.

न चालणारे उपकरण हाच खरा गुरू

वरील प्रयोग पुस्तिकेप्रमाणे केले की चालतात. खरे शिक्षण मात्र उपकरण चालत नाही तेथून सुरू होते. एक घरगुती उदाहरण घेऊ.

छपरावरील पाण्याची टाकी भरून वाहू लागणे हा अनेक घरांतील नित्याचा प्रकार. उन्हाळ्यात तर वाया गेलेली बादलीही मनाला लागते. टाकी भरताच घंटी वाजावी, यासाठी बी.सी. ५४७ हा स्वस्त ट्रान्झिस्टर, १० किलो-ओहमचा रेझिस्टर, एक बझर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन तारा पुरेत. बझर बॅटरीचा धन अग्र आणि ट्रान्झिस्टरचा कलेक्टर यांच्यामध्ये येतो. एमिटर ऋण अग्रास जातो. एक तार धन अग्रापासून आणि दुसरी रेझिस्टरमार्गे बेस या पायापासून निघून टाकीच्या काठाशी टांगलेली असते. पाणी काठापर्यंत आले की दोन्ही तारांची टोके बुडतात व पाण्यातून किंचित प्रवाह वाहतो. वाटेतील एकूण विरोध एक लाख ओहम धरला, तर तो प्रवाह केवळ ०.०८३ मिलिअँपियर इतकाच भरतो. त्यावर बझर वाजणे अशक्य. परंतु ट्रान्झिस्टरने तो दोनशे पट केला, तर १६ मिलिअँपियर होतात आणि लहान बझर खणखणीत वाजतो.

येथपर्यंत सर्व ठीक. पण तांब्याच्या तारा वापरल्या असतील, तर काही आठवड्यांनी घंटी वाजेनाशी होते. बॅटरी नवी घातली, ट्रान्झिस्टर बदलला, तरी उपयोग नाही. अशा वेळी दोन वाटा असतात. एक, वस्तू निकामी ठरवून फेकून देणे. दुसरी, क्रमाने शोध घेणे. बॅटरीचा दाब मोजावा. तारांची टोके कोरड्या जागी एकमेकांस क्षणभर टेकवून बझर वाजतो का पाहावे. वाजला, तर जोडणी निर्दोष आहे आणि दोष पाण्यातल्या टोकांत आहे हे सिद्ध झाले. टोके बाहेर काढून पाहिली की एका तारेवर हिरवट थर चढलेला दिसतो. एकाच दिशेने सतत वाहणाऱ्या प्रवाहाने पाण्यात तांबे झिजते व त्यावर क्षार जमतात. मग तांब्याच्या जागी न गंजणाऱ्या पोलादाच्या सळ्या वापराव्या, पंप सुरू असेल तेवढाच वेळ बॅटरीचे बटण दाबून ठेवावे, हे उपाय मुलास आपोआप सुचतात.

या एका बिघाडात विद्युत्‌शास्त्र आले, रसायनशास्त्र आले आणि सर्वांत मोलाची अशी कार्यकारण शोधण्याची सवय आली. घर ते कारखाना, शेत ते रुग्णालय, सर्वत्र हीच सवय उपयोगी पडते. ज्याला तीन रुपयांच्या ट्रान्झिस्टरचा दोष शांतपणे शोधता येतो, तो पुढे मोठ्या यंत्रापुढेही गांगरत नाही.

नव्या पेट्या, नवा मोह

गेल्या वीस वर्षांत संचांचे स्वरूप पालटले आहे. २००५ साली इटलीतील इव्हरिया गावी विद्यार्थ्यांसाठी ‘आर्डुइनो’ हा लहान संगणकीय फलक तयार झाला. त्याचा आराखडा सर्वांस खुला ठेवण्यात आल्याने तो जगभर स्वस्तात बनू लागला. ‘उनो’ या त्याच्या लोकप्रिय प्रकारावर १४ अंकीय जोडबिंदू आणि मोजमापासाठी ६ आगम असतात. त्यांना उष्णता, प्रकाश, ओल मोजणारे भाग जोडता येतात. २०१२ साली ब्रिटनमध्ये ‘रास्पबेरी पाय’ हा तळहातावर मावणारा पूर्ण संगणक आला, तर २०१६ साली बी.बी.सी.ने तेथील सुमारे दहा लाख शाळकरी मुलांना ‘मायक्रोबिट’ हा फलक देण्याची योजना अमलात आणली. आपल्याकडे २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना सुरू झाली. निवडलेल्या शाळेस वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि देशातील दहा हजारांहून अधिक शाळांत अशा प्रयोगशाळा स्थापन झाल्या आहेत.

हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु या फलकांबरोबर एक मोहही येतो. आज्ञावली दुसऱ्याची उतरवून घेतली, तारा चित्राप्रमाणे खोचल्या की यंत्रमानव चालू लागतो, घरचे कौतुक करतात आणि मुलास आपण निर्माते झालो असे वाटते. मात्र त्यातील एक रेझिस्टर बदलला तर काय होईल, हे विचारल्यावर ते निरुत्तर होते. यास्तव आधी सुटे भाग, मग चिप आणि शेवटी संगणकीय फलक हा क्रम ठेवावा. बाराखडी सोडून एकदम निबंधाकडे जाऊ नये.

पाबळचा धडा

समजून करण्याचा हा मार्ग केवळ शहरी मुलांसाठी आहे असे कोणी मानू नये. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पाबळ हे पर्जन्यछायेतील गाव आहे. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ साली पत्नी मीराताई यांच्यासह तेथे जाऊन राहिले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली, शिक्षण सुटलेली मुले हे त्यांचे विद्यार्थी. मूल वर्गात शिकत नसेल, तर ते काम करता करता शिकेल, अशी त्यांची श्रद्धा होती. तेथील वर्षभराच्या अभ्यासक्रमात कर्मशाळा, वीज व ऊर्जा, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य अशी चारही क्षेत्रे प्रत्यक्ष कामातून शिकविली जातात. गावकऱ्यांची कामे विद्यार्थ्यांनी करावी व त्याचा मोबदला घ्यावा, म्हणजे शिक्षणाला समाजाची कसोटी लागते, हा तेथील दंडक आहे.

२००२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने याच आश्रमात ‘फॅब लॅब’ उभी राहिली. संगणकाच्या आज्ञेने कापणारी, कोरणारी यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिकीचे साहित्य सर्वांस खुले ठेवणारी ही कर्मशाळा त्या संस्थेबाहेरील अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक होती. जगात आज अशा कर्मशाळांचे मोठे जाळे पसरले आहे, आणि त्याच्या आरंभीच्या टप्प्यांत महाराष्ट्रातील एका दुष्काळी खेड्याचे नाव आहे, ही आपणा सर्वांस अभिमानाची गोष्ट होय. जमिनीखालील पाण्याचा अंदाज घेण्यासाठी भूमीचा विद्युत्‌विरोध मोजणारे उपकरण, अंडी उबविण्याची पेटी, अल्प विजेवरील एल.ई.डी. दिवे अशा गावाच्या गरजांशी आश्रमाने इलेक्ट्रॉनिकीची सांगड घातली. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले. त्यांचे कार्य पुढे चालू राहिले आहे.

पाबळने सिद्ध केलेली गोष्ट साधी आहे. उपकरण बनविणाऱ्यासमोर प्रथम गरज असावी, मग भाग यावेत. ब्राह्मणपाऱ्यातील टाकीची घंटी आणि पाबळमधील पाणी शोधणारे उपकरण ही या अर्थाने सख्खी भावंडे होत.

खरेदी व दक्षता

आरंभी मोठा संच घेऊ नये. ब्रेडबोर्ड, जोडतारा, वेगवेगळ्या मूल्यांचे रेझिस्टर व कंडेन्सर, काही एल.ई.डी., चार-सहा ट्रान्झिस्टर, दोन ५५५ चिपा आणि एक साधा मल्टीमीटर एवढे साहित्य वर्षभर पुरते. यांत मल्टीमीटर सर्वांत महत्त्वाचा. वैद्याला जशी नाडी, तसा या छंदात तो. संच घ्यावयाचाच असेल, तर पुस्तिका आधी पाहावी. तिच्यात जोडणीची आकृती आहे काय, प्रत्येक भाग का घातला याचे स्पष्टीकरण आहे काय, दोषशोधनाचे प्रकरण आहे काय, हे तीन प्रश्न विचारावे. नुसती रंगीत चित्रे असतील, तर ती पेटी खेळणे म्हणून घ्यावी, शिक्षण म्हणून नव्हे.

घरातील बंद पडलेला रेडिओ हाही एक मोठा साठा आहे. त्यातून स्पीकर, फिरता कंडेन्सर, कॉइल मिळतात. उरलेला कचरा मात्र केरात टाकू नये. ई-कचऱ्याविषयीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून तो अधिकृत संकलकाकडेच द्यावयास हवा.

काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. मुलांचे सर्व प्रयोग बॅटरीवरच व्हावेत. भिंतीतील २३० व्होल्ट विजेला त्यांनी हात लावू नये. जुन्या दूरचित्रवाणीची पेटी उघडू नये, कारण वीज बंद केल्यावरही तिच्यात घातक भार टिकून राहतो. भ्रमणध्वनीची लिथियम बॅटरी टोचू, कापू किंवा तापवू नये. डाख देण्याचे काम वडील माणसाच्या देखत, खिडकीजवळ करावे आणि त्यानंतर हात साबणाने धुवावे, कारण साध्या डाखात शिसे असते.

घरच्यांनी काय करावे?

पालकांस इलेक्ट्रॉनिकी येत नसली, तरी अडत नाही. त्यांनी ऐकावे. आपण काय जोडले हे मुलाने घरच्या भाषेत आजीला समजावून सांगावे, असा नियम ठेवून पाहावा. मराठीभाषक प्रदेशाबाहेर राहणाऱ्या कुटुंबांना याचा दुहेरी लाभ आहे. शाळेत हिंदी किंवा इंग्रजीत ऐकलेली कल्पना मराठीत सांगताना ती पक्की होते, आणि मराठीही केवळ सणासुदीची भाषा न राहता विचाराची भाषा होते. १९२८ पासून निघणारे ‘सृष्टिज्ञान’ मासिक, १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद आणि मराठी विश्वकोश यांनी त्यासाठी लागणारे शब्दभांडार केव्हाच सिद्ध करून ठेवले आहे.

दुसरे असे की, ही पेटी केवळ मुलासाठी आणि तिच्याकडे मुलीने नुसते पाहावे, असा भेद घरात नसावा. बारीक काम, धीर आणि व्यवस्थितपणा यांची या छंदात कसोटी लागते. हे गुण कोणा एकाच्या मालकीचे नाहीत.

तिसरे, जळलेल्या एल.ई.डी.बद्दल रागावू नये. एखादा रुपया खर्चून मुलाने शिकलेली ती गोष्ट पुन्हा विसरली जात नाही. मात्र ती का जळली, हे त्याला विचारल्यावाचून दुसरी देऊही नये.

वस्तू विकत घेता येतात, दुरुस्तीही विकत मिळते. पण यंत्राविषयीची निर्भयता विकत मिळत नाही. ती आपल्या हाताने जोडलेल्या, बिघडलेल्या आणि पुन्हा चालू केलेल्या लहानशा उपकरणातूनच येते. येत्या सुट्टीत घरात मोकळे टेबल, एक बॅटरी आणि मूठभर सुटे भाग यांची सोय झाली, तर तेवढ्यावरही या विद्येचा श्रीगणेशा करता येईल.